काळी पाच आणि पांढरी चार : शाळा आणि विरंगुळा केंद्र यांच्यातील एका संगीत-उपक्रमाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका लहान संगीत मंडळाचे, एका शाळेचे आणि शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर असलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राचे आहे. संस्थांची नावे, गाव आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी मंडळाकडून समन्वयाचे काम पाहत होतो. त्यामुळे पुढे ज्या चुका नोंदवल्या आहेत त्यांतील बऱ्याचशा आमच्याच, म्हणजे मंडळाच्या आहेत.

मंडळ अनेक वर्षे ख्यालगायनाच्या आणि वादनाच्या बैठका भरवत आले आहे. श्रोत्यांची संख्या घटत होती आणि त्याची कारणे आम्हाला दिसत होती. जे नियमित येत असत ते वयोमानाने रात्री बाहेर पडेनासे झाले होते आणि त्यांची जागा घेईल अशी पिढी रागसंगीत समोर बसून कधी ऐकतच नव्हती. एका टोकाला ऐकण्याची ओढ असूनही येऊ न शकणारे लोक आणि दुसऱ्या टोकाला ऐकण्याची संधीच न मिळालेली मुले, असे ते चित्र होते. मैफल त्यांच्यापर्यंत नेता येईल, या विचारातून उपक्रम सुरू झाला.

असा विचार करणारे आम्ही पहिले नव्हतो. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हाच दरबारातून आणि घराण्याच्या चौकटीतून संगीत सर्वसामान्यांच्या शिक्षणात आणण्याचा मार्ग खुला झाला होता. १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीमध्ये डॉ. किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅके या चळवळीने शाळा-महाविद्यालयांत थेट कलावंतांना नेऊन बसवले. आमच्यापुढे उदाहरणे होती. आमची परिस्थिती त्यांत कशी बसते, याचा विचार मात्र आम्ही पुरेसा केला नव्हता.

पहिला प्रयत्न आणि त्यातून समोर आलेली अडचण

शाळेच्या सभागृहात आम्ही एक कार्यक्रम ठरवला. पाचवी ते नववीची सर्व मुले आणि केंद्रातील तीसेक ज्येष्ठ असे श्रोते होते. अनुभवी गायिकेने विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, एकतालातला बडा ख्याल सुरू केला. त्यांचे गाणे उत्तम होते. तरीही पंधराव्या मिनिटाला मुलांची चुळबूळ सुरू झाली, विसाव्या मिनिटाला शिक्षक रांगांमधून फिरून दटावू लागले आणि कार्यक्रम आटोपता घ्यावा लागला.

त्या संध्याकाळी मंडळात जी चर्चा झाली तिचा सूर 'आजकालच्या मुलांना धीर नाही' असा होता. हे निदान चुकीचे होते, असे आज मला स्पष्टपणे वाटते. अतिविलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण मिनिटाहून अधिक चालू शकते. ज्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार आहे हेच ठाऊक नाही, त्याच्यासाठी त्या पाऊण मिनिटात वाट पाहण्याजोगे काहीच नसते. मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, घेऊन गायिका समेवर येतात तेव्हा जाणकाराची मान डोलते, कारण तो तिथे आधीच पोहोचलेला असतो. मुलांना आम्ही त्या वाटेवर नेलेच नव्हते.

ज्येष्ठांची तक्रार याहून अनपेक्षित होती. मंडळातल्या आम्हा सर्वांचा समज असा की ऐकू कमी येत असेल तर आवाज वाढवावा. ध्वनिक्षेपक त्यांच्या बाजूला वळवून आवाज चढवला होता. कार्यक्रमानंतर एका आजींनी सांगितले, "मोठा आवाज कानात दुखत होता आणि शब्द तरीही कळत नव्हते." केंद्रात दर महिन्याला येणाऱ्या श्रवणतज्ज्ञांनी त्याचे कारण नंतर समजावून दिले. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच कंप्रतेचे ध्वनी जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्यामुळे पुसट होतात, तर स्वर ऐकू येत राहतात. हळू आवाज ऐकू येत नाही आणि थोडा वाढवला की तोच असह्य होतो, हेही अशा कानांत नेहमी घडते. त्यात सभागृहाचा घुमारा मिसळला की सर्वच एकमेकांत कालवले जाते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या दोघांनी वेगळीच गोष्ट सांगितली: तंबोरा सुरू असताना यंत्रातून थरथरता, शिट्टीसारखा आवाज येत होता. श्रवणयंत्र बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेले असते आणि स्वतःची शिट्टी दाबण्याची व्यवस्था त्यात असते. तंबोऱ्याचा अखंड, स्थिर स्वर हीच ती शिट्टी आहे असे समजून यंत्र तो खोडू पाहते आणि त्या झटापटीत स्वर डळमळतो. ज्या ध्वनीवर आमचे सगळे संगीत उभे आहे, तोच त्या दोघांना विद्रूप होऊन ऐकू येत होता आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

दोन महिने आम्ही काही केले नाही, फक्त बोललो. तो काळ वाया गेला असे तेव्हा वाटले होते. आता तसे वाटत नाही.

पहिला पर्याय वर्षातून एकदा नामवंत कलावंताचा सप्रयोग कार्यक्रम ठेवण्याचा होता. तो सोपा होता आणि शाळेलाही हवा होता. पण एकदाच भेटलेला राग पुन्हा ओळखता येत नाही, ही त्याची मर्यादा होती. दुसरा पर्याय अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या साप्ताहिक वर्गाचा होता. त्याला शिस्त आहे आणि अभ्यासक्रम घासूनपुसून तयार झालेला आहे. मात्र आवाज असलेली मोजकी मुले पुढे आणि उरलेली बाहेर, असे होण्याची भीती होती, शिवाय त्यात ज्येष्ठांना स्थानच नव्हते. तिसरा पर्याय, ध्वनिमुद्रणे ऐकवण्याचा, मुख्याध्यापिकांनी सुचवला होता. आम्ही तो पूरक म्हणून ठेवला.

चौथा पर्याय गायिकेने स्वतः मांडला. एकाच वर्गातील मुले आणि केंद्रातील इच्छुक ज्येष्ठ यांना घेऊन एका सत्रात एकच राग ऐकायचा आणि गायचा. श्रोते कमी, जागा लहान, ध्वनिक्षेपक नाही. आठवड्यातून एकदा शाळेत, एकदा केंद्रात आणि महिन्यातून एकदा दोघे एकत्र. मंडळातील काहींना हे आकुंचन वाटले, कारण तीनशे मुलांवरून आम्ही चौतीस मुलांवर येत होतो. वार्षिक अहवालात हा आकडा लहान दिसेल, हा आक्षेपही कोणीतरी घेतला. तो आम्ही बाजूला ठेवला आणि सोळा आठवड्यांचे सत्र ठरवले.

इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागला. केंद्राच्या व्यवस्थापनाला या उपक्रमाला 'रागोपचार' म्हणायचे होते, म्हणजे लोक अधिक येतील आणि कुटुंबीयांनाही पटेल. गायिकेने स्पष्ट नकार दिला. अमुक राग ऐकल्याने अमुक विकार बरा होतो, असा दावा करण्याइतका आधार आपल्याजवळ नाही आणि औषध सोडून कोणी गाण्यावर विसंबला तर त्याची जबाबदारी कोण घेणार, असे त्यांचे म्हणणे होते. मला तो नकार या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत योग्य निर्णय वाटतो. लोक गाण्यासाठी आले आणि गाण्यासाठीच थांबले.

रागाची निवड आणि वेळेचा वाद

गायिकेने भूप निवडला. मध्यम आणि निषाद वर्ज्य असलेला, पाच शुद्ध स्वरांचा हा राग नवशिक्यांना शिकवण्याची रीत जुनीच आहे. कोमल-तीव्राची गुंतागुंत नसल्याने मुलांना स्वरांची जागा लवकर सापडते. परंतु शाळेचा तास सकाळी साडेदहाचा होता आणि भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. केंद्रातील एका आजोबांनी, ज्यांनी तरुणपणी रीतसर शिक्षण घेतले होते, याला ठाम हरकत घेतली. सकाळी हेच स्वर हवे असतील तर देशकार शिकवा, असे त्यांचे म्हणणे होते.

शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते. दोन्ही रागांचे स्वर तेच आहेत. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, असून चलन पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, राहते, तर देशकारात धैवत वादी असून सगळा जोर उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, असतो. अडचण अशी की दहा-अकरा वर्षांच्या मुलाला, जो अजून गंधार शोधतो आहे, हा फरक गाऊन दाखवणे शक्य नव्हते. देशकार म्हणून सुरू केलेले गाणे तिसऱ्या आवर्तनात भूप झाले असते.

तडजोड गायिकेने काढली आणि तिला आजोबांनी संमती दिली. सकाळी शाळेत स्वराभ्यास, अलंकार (सरावासाठीचे स्वरांचे क्रम) आणि ताल एवढेच करायचे. बंदिश, म्हणजे रागात बांधलेले गीत, मात्र संध्याकाळच्या एकत्र बैठकीतच शिकवायची आणि गायची. याचा एक लाभ आम्ही योजलेला नव्हता. मुले संध्याकाळची वाट पाहू लागली, कारण 'खरे गाणे' तेव्हा असे. आजोबांनी नंतर दोन्ही रागांतला फरक मुलांना स्वतः ऐकवला. आवाज थरथरत होता, पण धैवतावरचा ठहराव असा होता की मागच्या ओळीतील एक मुलगी म्हणाली, "आजोबा, हे आपलंच आहे, पण आपलं नाही."

तालाच्या बाबतीत मुलांनीच ज्येष्ठांना पुढे नेले. सोळा मात्रांचा त्रिताल हातावर धरणे, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली, हे मुलांना तीन आठवड्यांत सवयीचे झाले. ज्यांना शब्द नीट ऐकू येत नव्हते अशा ज्येष्ठांसमोर एकेक मूल बसवले. मुलाचा हात पाहून त्यांना समेची जागा कळे. ही बसण्याची रचना तबलावादकांनी सुचवली होती आणि पहिल्या कार्यक्रमातील अपयशाचे बरेचसे उत्तर तिच्यातच होते.

पट्टीचा प्रश्न

खरी कसोटी पाचव्या आठवड्यात लागली. तोपर्यंत दोन्ही गट वेगवेगळे गात होते आणि चांगले गात होते. पहिल्याच एकत्र गायनात सगळे विस्कटले. मुलांची सोयीची पट्टी, म्हणजे षड्ज ('सा') धरण्याची उंची, काळी पाच होती; ही नावे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून आली आहेत. केंद्रातील गटात बहुतेक स्त्रिया होत्या आणि वयानुसार त्यांचे आवाज उतरले होते. पांढरी चारच्या वर षड्ज घेतला की त्यांना तार सप्तक गाठता येत नसे. मुलांना खाली आणले की मुलांचे मंद्र स्वर हवेत विरत, ज्येष्ठांना वर नेले की त्यांचे गळे ताणले जात. मधली पट्टी घेऊन पाहिली. ती कोणालाच मानवली नाही. दोन आजी पुढच्या आठवड्यात आल्याच नाहीत. "आमच्यामुळे मुलांचं बिघडतं," असा त्यांनी निरोप पाठवला.

ज्येष्ठांना केवळ श्रोते म्हणून बसवावे, असा प्रस्ताव मंडळात आला आणि मीही त्याच्या बाजूने होतो. गायिकेने एक आठवडा मागून घेतला.

त्यांनी काढलेला मार्ग मूर्छनेचा होता, म्हणजे स्वर तेच ठेवून षड्जाची जागा बदलण्याचा. पांढरी चार हा काळी पाचपासून मोजला तर मंद्र पंचम होतो. मुले काळी पाचचा षड्ज धरून भूप गात असतील आणि ज्येष्ठांनी त्याच भूपाच्या पंचमाला आपला षड्ज मानले, तर तेच पाच स्वर ज्येष्ठांसाठी सा, रे, म, प, ध असे होतात, म्हणजेच दुर्गा. मुलांचे 'ग रे सा' ते ज्येष्ठांचे 'ध प म'. पंडित जसराज यांनी रूढ केलेल्या 'जसरंगी' जुगलबंदीत स्त्री आणि पुरुष गायक आपापल्या पट्टीत दोन वेगळे राग गातात, ते याच तत्त्वावर. शिवाय दुर्गाही रात्रीचाच राग, त्यामुळे आजोबांचीही हरकत उरली नाही.

कागदावर हे सुंदर होते. प्रत्यक्षात पहिल्या बैठकीत फसले. आम्ही एकच तंबोरा लावला होता, काळी पाचमध्ये आणि पंचमावर. त्यातला पंचम हा ज्येष्ठांचा षड्ज आहे, तेव्हा एक तंबोरा दोघांना पुरेल, असा आमचा हिशोब होता. पण त्या तंबोऱ्यातून मुलांचा षड्जच अधिक भरून येत होता, आणि चार-पाच आवर्तनांत ज्येष्ठ नकळत आपल्या मध्यमालाच षड्ज मानू लागले. दुर्गा विरघळून भूप झाला आणि पुन्हा गळे ताणले गेले.

पुढच्या बैठकीत ज्येष्ठांच्या बाजूला पांढरी चारचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा ठेवला. तो मध्यमाऐवजी पंचमावर लावला, कारण मध्यम लावला असता तर मुलांचाच षड्ज पुन्हा वरचढ झाला असता. दोन्ही गट समोरासमोर, मध्ये अंतर ठेवून बसवले. एकाच वेळी गाणे टाळले. मध्यलय त्रितालात एक आवर्तन मुलांचे, एक ज्येष्ठांचे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या दोघांसाठी श्रवणतज्ज्ञांनी यंत्रात संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली, ज्यात शिट्टी दाबण्याची व्यवस्था सौम्य केली होती. त्यांतील एकाला पुष्कळ फरक पडला, दुसऱ्याला थोडाच. सातव्या आठवड्यात त्या दोन आजी परत आल्या. त्यांना आणायला मुलेच गेली होती.

फलित

सोळाव्या आठवड्याच्या शेवटी केंद्राच्या अंगणात सूर्यास्तानंतर बैठक झाली. मंच नव्हता. चौतीसपैकी एकोणतीस मुले आणि सतरा ज्येष्ठ गायले. अलंकार स्वच्छ झाले. बंदिशींची अदलाबदल तीन आवर्तने नीट चालली, चौथ्यात ज्येष्ठांची सम चुकली आणि मुलांनी हातावर ताल मोठा करून ती सावरून घेतली. त्यानंतर गायिकेने तीस मिनिटे बडा ख्याल गायला. पहिल्या कार्यक्रमातलीच गायिका आणि त्याच शाळेतली मुले. या वेळी मुखडा सुरू झाला की काही माना समेकडे वळताना दिसत होत्या. सगळ्या नव्हे. दोन मुले झोपली आणि त्यांना कोणी उठवले नाही.

केंद्रात स्मृतिभ्रंश असलेले एक आजोबा नियमित येत. त्यांना मुलांची नावे कधीच लक्षात राहिली नाहीत. मात्र एका संध्याकाळी गायिकेने यमन उदाहरणादाखल गुणगुणला, तेव्हा त्यांनी 'स्वयंवर' नाटकातले यमनातले पद अंतऱ्यासह म्हटले. या नाटकाच्या पदांना १९१६ साली भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, आणि अशा पदांतूनच ख्यालातले राग मराठी घरांत पोहोचले. जुनी गाणी अशा आजारातही पुष्कळदा शाबूत राहतात, हे अनेकांच्या अनुभवाचे आहे. त्यामुळे त्यांची प्रकृती सुधारली असे आम्ही म्हणत नाही. मुलांना मात्र त्या दिवसापासून ते आजोबा 'विसरणारे' राहिले नाहीत.

संस्थात्मक फलित संमिश्र राहिले. शाळेने पुढच्या सत्रात तो तास परीक्षेच्या तयारीसाठी परत घेतला. चार मुले गायिकेकडे रीतसर शिकू लागली. केंद्रातील गट आपणहून दर गुरुवारी जमत राहिला.

वेगळे काय करता आले असते

दोन्ही गटांच्या पट्ट्या पहिल्याच आठवड्यात तपासायला हव्या होत्या. राग आधी ठरवून पट्टीचा प्रश्न नंतर सोडवण्यात पाच आठवडे आणि दोन आजींचा आत्मविश्वास खर्ची पडला. केंद्रातील तीन पुरुषांना पांढरी चार मानवत नव्हती. ते बहुतेक वेळ ठेका मोजत राहिले, आणि हा तोडगा आम्ही सोयीने स्वीकारला. त्यांना काय हवे होते, हे आम्ही विचारलेच नाही.

मुख्याध्यापिकांशी बोलणे एका सत्रापुरते झाले होते. पुढील वर्षाच्या वेळापत्रकाची आखणी होण्यापूर्वी आम्ही त्यांना भेटलो असतो, तर कदाचित तो तास वाचला असता. छायाचित्रांसाठी पालकांची संमती घेतली होती, ज्येष्ठांची घेतली नव्हती. एका आजींनी हे लक्षात आणून दिले आणि त्यांचे बरोबर होते.

ज्या गोष्टीची आम्ही कोणतीच तयारी केली नव्हती, ती अकराव्या आठवड्यात घडली. देशकार ऐकवणारे आजोबा वारले. बातमी आम्हाला बैठकीच्या दिवशी दुपारी कळली. मुलांना काय आणि कोणी सांगायचे हे ठरेपर्यंत मुले केंद्रात पोहोचली होती आणि त्यांना रिकामी जागा दिसली. एका मुलाने सरळ विचारले. गायिकेने खोटे सांगितले नाही. पण पालकांना आणि वर्गशिक्षिकेला आधी कळवायला हवे होते, आणि ज्या मुलाचा हात पाहून आजोबा ताल धरत, त्याच्याशी कोणीतरी एकट्याने बोलायला हवे होते. ते आम्ही दोन दिवसांनी केले.

वृद्धांबरोबर दीर्घकाळ चालणारा कोणताही उपक्रम आखताना ही शक्यता पहिल्या दिवशीच, शाळा आणि पालक यांच्यासमोर मांडली पाहिजे, असे मी आता प्रत्येक बैठकीत आग्रहाने सांगतो. त्या दिवशी बंदिश घेतली नाही. मुलांनीच देशकार ऐकायचा आहे असे सांगितले. संध्याकाळ होती, राग सकाळचा होता, आणि गायिकेने थोडा वेळ थांबून तो गायला.